आमच्या गोलकीपरने विचारलेला प्रश्न : विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, क्रीडा विभाग
आणि क्रीडा मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : महिला फुटबॉल संघाची निवड चाचणी ऑगस्टमध्येच घेण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

विद्यापीठाचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. पत्र ज्यांना आहे त्यांना ते दोन परिच्छेदांत कळेल, आणि ज्यांना नाही त्यांच्याकडे काही फार निराळं चाललेलं असेल असं मला वाटत नाही. मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात क्रीडा संचालक आहे. गेल्या हंगामात आपल्या महिला फुटबॉल संघाची मॅनेजर म्हणून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले होते. अठरा मुली, एक कोच, मी, दोन किट बॅगा आणि चार बॉल. परत आल्यावर आठ दिवसांत रीतसर अहवाल दिला. त्यात ‘संघाची कामगिरी’ या रकान्यात ‘पहिल्या फेरीत पराभूत’ एवढंच मावलं. रकानाच तेवढा आहे. जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे, कारण नवा हंगाम तोंडावर आलाय आणि यंदाही सगळं त्याच वळणाने जाणार अशी लक्षणं दिसतायत.

आम्ही ०-९ ने हरलो.

सामना सकाळी आठचा होता. पहिली वीस मिनिटं ०-० होतं, हे आधी नोंदवून ठेवते, कारण निकालाच्या कागदावर ते कुठेच दिसत नाही. पोरी जीव तोडून धावत होत्या. समोरच्या संघाचे दोन कॉर्नर आम्ही परतवले, एकदा तर आमची सेंटर फॉरवर्ड त्यांच्या स्टॉपरला, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारीला, चकवून पुढे निघाली होती. एकविसाव्या मिनिटाला बाकावर बसल्या बसल्या मला काहीतरी विचित्र जाणवलं. आमच्या चार-पाच जणी पळता पळता रेफ्रीकडे बघत होत्या. कशाची तरी वाट बघितल्यासारख्या. मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सहा संघांच्या पाच मॅचेस एका दिवसात उरकायच्या होत्या, म्हणून हाफ वीस मिनिटांचा ठेवला होता. या मुलींच्या अंगात शिट्टी वीस मिनिटांनी वाजते. ती वाजली नाही. पुढच्या पंचवीस मिनिटांत चार गोल झाले आणि दुसऱ्या हाफमध्ये पाच.

मध्यंतरात मी लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या फिरवत होते. गोलकीपर जवळ आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, अंगापिंडाने चांगली उंच, उडी मारते तेव्हा बघत राहावं अशी. रडत नव्हती. हातमोजे काढत तिने अगदी साधेपणाने विचारलं, “मॅडम, गोलपोस्ट एवढा रुंद असतो का?”

मी म्हटलं, हो गं, एवढाच असतो. दोन खांबांमध्ये ७.३२ मीटर, उंची २.४४. पुरुषांना तोच, बायकांनाही तोच. ती पुन्हा जाऊन त्या दोन खांबांच्या मधोमध उभी राहिली आणि मला तिच्या कॉलेजचं मैदान आठवलं. तिथे फुटबॉलचा पोस्ट नाही. हँडबॉलचा आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, ३ मीटर बाय २. पोरगी दोन वर्षं त्या चौकटीत उभी राहून शिकली. ते सहा चौरस मीटर तिने खरंच राखले असते. स्पर्धेला आली आणि एका सकाळीत राखण जवळजवळ तिप्पट झाली. चौथा गोल तिच्या डाव्या हाताला ज्या जागेतून गेला, ती जागा तिच्या लेखी आजवर पोस्टच्या बाहेर होती. बॉल बाहेर चाललाय म्हणून तिने तो निवांत सोडला होता.

तिचा प्रश्न मी अहवालात लिहिला नाही. तो मला विचारलेला नव्हताच, आपल्याला सगळ्यांना विचारलेला होता, म्हणून इथे लिहिते.

आता गेल्या हंगामाचं पंचांग मांडते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली एका दिवसात, तीही पश्चिम विभागाचं वेळापत्रक आल्यावर धावपळ करून. त्याच दिवशी अंतिम सामना संपल्यावर, साडेचारच्या सुमाराला, निवड चाचणी. ज्या मुली सकाळपासून दोन-दोन मॅचेस खेळल्या होत्या त्यांनाच पुन्हा धावायला लावलं. तीस मीटरची पळ, शंकूंमधून बॉल नेणं, मग अर्ध्या मैदानावर दहा मिनिटांचा खेळ. शेवटच्या गटाच्या वेळी उजेड इतका कमी झाला होता की निवड समितीतले एक सर मोबाइलचा टॉर्च लावून नंबर लिहून घेत होते. नंतर प्रशिक्षण शिबिर, कागदावर दहा दिवसांचं. त्यातले दोन दिवस पात्रतेचे फॉर्म, प्राचार्यांच्या सह्या, फोटो आणि दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स यांत गेले. एक रविवार मैदान क्रिकेटला दिलेलं होतं. एक दिवस पावसाने खाल्ला. प्रत्यक्ष बॉल घेऊन मैदानावर आम्ही सहा वेळा उतरलो. अठराजणी एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या त्या दिवसापासून गाडीत बसण्यापर्यंत सहा वेळा.

ऑफसाइड, म्हणजे समोरच्या बचावफळीमागे आधीच उभं राहून पास घेता येत नाही तो नियम, आम्ही रेल्वेत शिकवला. चेष्टा करत नाही. स्लीपर डब्यातल्या खालच्या बर्थवर वर्तमानपत्र पसरून कोचनी पार्ले-जीची बिस्किटं मांडली आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा बॉल केला. चार बिस्किटांची बचावफळी एका रेषेत पुढे कशी सरकते ते मुलींना छान कळलं. चहावाला आला तेव्हा आमच्या स्टॉपरने ती बचावफळी चहात बुडवून खाल्ली. हसू आलं सगळ्यांना, मलाही. दुसऱ्या दिवशी सामन्यात तेच घडलं तेव्हा कोणी हसलं नाही.

यात मी कोणा एका माणसाला दोष देत नाही. क्रीडा विभागात दोन माणसं चाळीस खेळांचा कारभार ओढतात हे मी डोळ्यांनी बघते. परंतु आपली सगळी यंत्रणा एकाच समजुतीवर चाललेली आहे, की हंगाम सुरू होतो तो भारतीय विद्यापीठ संघाकडून, म्हणजे या स्पर्धा ठरवणाऱ्या संघटनेकडून, तारखांचं पत्र आल्यावर. पत्र येईपर्यंत काही करायचं नाही, आलं की सगळं एकदम करायचं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही यातला वेडेपणा कळेल. पाऊस कधी येणार याची तारीख कोणी कळवत नाही, तरी मृगाआधी नांगरट झालेली असते.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या संघाच्या मॅनेजर बाईंशी माझं बोलणं झालं. मी विचारलं, तुमचा कॅम्प किती दिवसांचा? त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. त्यांच्या मुली कॉलेज उघडल्यापासून आठवड्यातून चार दिवस एकत्र खेळत होत्या. त्यांच्या लेखी ‘कॅम्प’ म्हणजे निघण्याआधी ताप-खोकला झालेल्यांना विश्रांती देण्याचे शेवटचे तीन दिवस. त्या विद्यापीठाकडे काही सोन्याची खाण नव्हती. त्यांच्याही काही मुलींचे बूट चिकटपट्टीने बांधलेले होते, आमच्यासारखेच. पण सकाळी त्या मैदानावर आल्या, आणि कोणी काही न सांगता दोन-दोनच्या रांगा करून वीस मिनिटांचा वॉर्म-अप सुरू झाला. आमच्या मुली त्या वेळी आपापल्या कॉलेजच्या पद्धतीने, आपापल्या कोपऱ्यात हातपाय हलवत होत्या. चार कॉलेजं, चार पद्धती. तिथेच मला निकाल कळला होता.

त्या वीस मिनिटांबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या, कारण यात एका मुलीचा गुडघा गुंतलेला आहे.

त्या करत होत्या तो कार्यक्रम ‘फिफा इलेव्हन प्लस’ म्हणून ओळखला जातो. पंधरा व्यायाम, तीन टप्पे. आधी आठ मिनिटं हळू धावत सांधे मोकळे करायचे, मग दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. साहित्य लागत नाही. प्लँक करायला जमीन लागते, एका पायावर तोल सांभाळताना बॉल फेकायला एक जोडीदारीण लागते, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंच्या व्यायामात मैत्रिणीने घोटे घट्ट धरून ठेवायचे असतात. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर याचा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या क्लबांनी तो नेमाने केला तिथल्या मुलींच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी निघाल्या. यातला ‘नेमाने’ हा शब्द महत्त्वाचा. आठवड्यातून किमान दोनदा, आणि महिनोन् महिने. सहा सत्रांच्या शिबिरात हे जमत नाही. आदल्या रात्री व्हिडिओ दाखवून तर नाहीच नाही.

आमची डावी बॅक, म्हणजे डाव्या बाजूची बचावपटू, पासष्टाव्या मिनिटाला पडली. तिला कोणी हात लावलेला नव्हता. बॉल डावीकडून उजवीकडे गेला, तिने धावता धावता पाय रोवून अंग वळवलं आणि खाली बसली. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला असं तिच्या शेजारून धावणारीने सांगितलं. गुडघ्याच्या आतलं पुढचं अस्थिबंधन, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते तुटलं होतं. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, दुप्पट ते तिप्पट तरी. कारणं अनेक सांगितली जातात. त्यात हाडांची ठेवण आहे, संप्रेरकं आहेत, आणि उडीवरून उतरताना किंवा वळताना गुडघा आत झुकण्याची सवयही आहे. पहिल्या दोन गोष्टींना कोणी काही करू शकत नाही. तिसरी सवय मोडता येते, आणि वीस मिनिटांचा तो कार्यक्रम मुख्यतः तेच करतो.

तिचा एमआरआय वडिलांनी भिशी उचलून केला. ऑपरेशननंतर मैदानावर परतायला नऊ महिने तरी लागतात. ती आता वाकून शेतातली कामं करायला घाबरते, असं तिच्या आईने मला फोनवर सांगितलं. दुखापत कुणालाही होऊ शकते, हे मला मान्य आहे. पण तीन महिने तयारी झालेल्या मुलीला झाली असती तर मी निदान स्वतःला म्हणू शकले असते की आपल्या हातात होतं ते केलं होतं.

माझी मागणी एकच आहे, आणि ती विषयाच्या ओळीत लिहिली आहे. निवड चाचणी ऑगस्टमध्ये घ्या. तीस संभाव्य मुलींची यादी लावा. तिथून पुढे स्पर्धेपर्यंत त्यांना एकत्र खेळू द्या, आणि अंतिम अठरा त्यांतून निवडा.

यावर काय उत्तरं येतील ती मला पाठ आहेत, कारण गेली काही वर्षं बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांत, चहा येता येता, मी ती ऐकत आलेय.

पहिलं उत्तर प्रवेशांचं. प्रथम वर्षाचे प्रवेश लांबतात, पात्रता ठरलेली नसते, मग चाचणी कुणाची घ्यायची? तर गेल्या वर्षीच्या अठरा जणींतल्या अकरा यंदाही आपल्याच विद्यापीठात शिकतायत. मी एकेकीला फोन करून खात्री केली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या आणि एम.ए., एम.कॉम.च्या मुलींना प्रवेशाची कसली वाट बघायची आहे? तीस जागांतल्या सहा-सात प्रथम वर्षासाठी मोकळ्या ठेवा, त्या सप्टेंबरमध्ये भरा. राज्य संघाच्या शिबिरांत हे सर्रास होतं.

दुसरं उत्तर नियमाचं. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा व्हायला हवी, मगच चाचणी. चला, मान्य. मग स्पर्धाच ऑगस्टमध्ये घेऊ. संघ येतात किती, सहा. शनिवारी तीन मॅचेस, रविवारी दोन, आणि हाफ पूर्ण पंचेचाळीस मिनिटांचा. पावसाचं म्हणाल तर फुटबॉल पावसात खेळतात. माझं माहेर कोल्हापूरचं. लहानपणी भावाच्या सायकलच्या दांडीवर बसून शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांची मॅच बघायला जायचे. तिथल्या पेठांत हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी कट्ट्याकट्ट्यावर चर्चा असते, यंदा कोण कुठल्या तालमीतून खेळणार, गोलीला कोण उभा राहणार, कोणाचा पाय बरा झालाय. सगळं पोरांचंच, हे खरं. आम्ही गॅलरीत बसून फक्त ओरडायचो. पण हंगाम मैदानाच्या आधी डोक्यात सुरू होतो हे मी तिथे शिकले, आणि इकडे सासरी आल्यापासून शोधतेय.

तिसरं उत्तर पैशांचं, आणि ते मी गांभीर्याने घेते. शिबिराचा भत्ता दहा दिवसांचा मंजूर होतो. वीस माणसं गुणिले दहा दिवस, म्हणजे दोनशे माणूस-दिवस. हेच दोनशे दिवस एक आठवडा सोडून एक अशा पाच शनिवार-रविवारांत वाटले तर? वीस माणसं, दोन दिवस, पाच वेळा. बेरीज तीच येते. एक रुपया वाढत नाही, पण दहा दिवसांऐवजी अडीच महिने मुली एकमेकींच्या सहवासात राहतात आणि मधल्या दिवसांत घरी जाऊन करायचा व्यायाम बरोबर घेऊन जातात. तीस जणींना पहिल्या दोन खेपांना बोलावलं तर थोडे जास्त लागतील, त्यासाठी कॉलेजं हातभार लावतील. माझं लावेल, प्राचार्यांशी बोलले आहे. प्रवासाचं म्हणाल तर एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. याचा फायदा आमच्या खेळाडूंना पहिल्यांदा झाला तो सरावाला येताना. क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकात मात्र तो अजून उतरलेला नाही.

चौथं उत्तर कोणी उघड देत नाही, सूचित करतात. मुली येणार नाहीत. घरचे सोडणार नाहीत.

यासाठी मी दोन गावांत घरी जाऊन आले. एका घरी वडील गप्प बसले होते, आई बोलत होती. पोरीने हाफ चड्डीत खेळण्याबद्दल काही म्हणेल अशी माझी तयारी होती, उत्तरंही तयार होती. तिने विचारलं, “रात्री झोपायला कुठं ठेवणार? आणि संडासाला आतून कडी हाय का?” मी हो म्हणून आले. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या चेंजिंग रूमला जाऊन पाहिलं, तर कडी नव्हती. दाराला भोक होतं, त्यात कापडाचा बोळा कोंबलेला. हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणि चार स्क्रू आणून मैदानावरच्या मामांकडून बसवून घेतली. बिल जोडलेलं नाही, कुठल्या हेडखाली टाकायचं ते सुचलं नाही. मुलगी मात्र आली. ती डावी बॅक तीच. म्हणून त्या घरचा फोन आला की माझा हात थोडा थबकतो.

आणि एक पाचवं उत्तर, अधूनमधून भाषणात येणारं : महिला फुटबॉल आपल्याकडे नवा आहे, हळूहळू होईल. नवा कुठला? महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७५ मध्ये लखनौला झाली. त्यानंतर काही वर्षांतच भारताच्या मुली महिलांच्या आशियाई फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या, एकदा नव्हे दोनदा. शांती मलिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. शेजारच्या गोव्यातून योलांडा डिसोझा त्याच पिढीत भारताकडून गोल करत होत्या. २०२२ च्या जानेवारीत महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. आपला संघ इराणशी ०-० खेळला, आणि पुढच्या सामन्याआधी करोनाने इतक्या जणींना गाठलं की तेरा खेळाडूसुद्धा उभ्या करता आल्या नाहीत; स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत खेळला गेला. स्पेन-कोलंबिया अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. पुढे ५ जुलै २०२५ ला थायलंडच्या संघाला त्यांच्याच घरात २-१ ने हरवून भारताच्या मुलींनी आशियाई चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती मॅच मी मोबाइलवर आमच्या हॉस्टेलच्या सात मुलींबरोबर पाहिली, चार्जर लावून, कारण बॅटरी टिकत नाही. आमची गोलकीपर त्या सात जणींत होती.

जिथे या खेळाला सॉकर म्हणतात त्या अमेरिकेचं उदाहरण देऊ नका, असं मागे एका सदस्यांनी मला सुनावलं होतं. त्यांचा पैसा वेगळा, हे खरंच. पण तिकडच्या मुलींचा खेळ मोठा झाला तो विद्यापीठांतून. १९७२ मध्ये कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करता येणार नाही. खेळाची मैदानं त्यात आली. १९८२ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय विद्यापीठ संघटनेची पहिली महिला सॉकर स्पर्धा झाली, नॉर्थ कॅरोलायनाने जिंकली. नऊ वर्षांनी, १९९१ मध्ये, पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला आणि त्या संघातल्या मुली कॉलेजांच्या मैदानांवरच घडलेल्या होत्या. त्यांचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, मुली त्याआधीच सरावाला जमलेल्या असतात. त्यांचं पंचांग घेतलं तरी पुरे, पैसा त्यांचा त्यांना लखलाभ.

परीक्षांचा मुद्दा राहिला. हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि विभागीय स्पर्धा एकमेकींच्या अंगावर येतात, दर वर्षी. गेल्या वेळी आमच्या तिघी मुली प्रॅक्टिकल बुडवून आल्या आणि त्यातल्या एकीचं अजून मिटलेलं नाही. ऑगस्टमध्ये यादी लागली तर त्या तीस नावांचं पत्र परीक्षा विभागाकडे सप्टेंबरमध्येच जाऊ शकतं. आज ते जातं गाडी सुटल्यावर. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला क्रेडिट आहे म्हणे. क्रेडिट नंतर द्या, आधी हजेरी द्या.

किटबद्दल दोनच ओळी. मुलांच्या संघाचे उरलेले जर्सी मुलींना देऊ नका. ‘एक्स्ट्रा लार्ज’ जर्सी चड्डीत खोचली तर फुगते आणि बाहेर काढली तर चड्डी दिसत नाही, मग रेफ्री येऊन विचारतो. आणि चड्डी पांढरी नको. कारण सांगायला मंडळातल्या बहुतेक सदस्यांसमोर आमच्या मुली लाजतात, मी लाजत नाही : पाळी. २०२३ च्या विश्वचषकाआधी इंग्लंडच्या महिला संघाने याच कारणाने पांढरी बदलून निळी घेतली. आपण गडद निळी घेऊ, डाग लपतात आणि मातीही लपते.

खर्चाचा अंदाज, पाच शनिवार-रविवारांचं वेळापत्रक आणि अकरा जुन्या खेळाडूंची नावं-वर्गांची यादी मी वेगळी कार्यालयात दिली आहे, पोच घेतली आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी विद्यापीठाचं मैदान रिकामं आहे, असं मैदानाच्या वहीत बघून आले. चुना आणि झेंडे माझ्या कॉलेजचे आणते. एकच वस्तू मला आणता येणार नाही, ती म्हणजे गोलपोस्ट. मुख्य मैदानाच्या पॅव्हेलियनमागे लोखंडी पोस्टची जोडी गवतात आडवी पडलेली आहे. मी टेपने मोजली. ७.३२. रंग गेलाय, एका आडव्या नळीला वेल्डिंग लागेल, बाकी दणकट आहे. चाचणीच्या आधी ती उभी राहिली तर आमच्या गोलकीपरला मी आदल्या संध्याकाळीच बोलावून घेईन.

कळावे,
आपली,
एका संलग्न महाविद्यालयाची क्रीडा संचालक

ता. क. : गेल्या हंगामातले चार बॉल अजून माझ्याकडेच आहेत. दोनांत हवा टिकते, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह बदलला की तोही चालेल. जमा करून घ्यायचे असतील तर शनिवारपर्यंत कोणाला तरी पाठवा. नाही आलं कोणी, तर सोमवारी सकाळी सहापासून ते वापरात असतील.